स्क्रॅचबोर्ड चित्रकला

स्क्रॅचबोर्ड ही काळ्या शाईचा थर टोकदार हत्याराने खरवडून त्याखालील पांढरा थर उघडा करण्याची चित्रपद्धती आहे. ब्रिटनमध्ये तिला स्क्रॅपरबोर्ड म्हणतात. मराठीत ही दोन्ही नावे चालतात. ‘खरवडचित्र’ म्हटल्यास कृतीचा अर्थ चटकन ध्यानात येतो. या चित्राचा फलक तीन थरांचा असतो: तळाशी जाड पुठ्ठा किंवा दाबलेल्या लाकडाची पातळ फळी, त्यावर केओलिन या पांढऱ्या चिनी मातीचा गुळगुळीत लेप आणि सर्वांत वर काळ्या शाईचा पातळ, एकसारखा थर. चित्रकार शाई काढून टाकतो. तो जे काढत नाही ते काळे राहते. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे तत्त्व, तिचा छपाईशी असलेला संबंध आणि नवशिक्याचा पहिला प्रयत्न यांची माहिती अमरावती व अकोला जिल्ह्यांतील, म्हणजे वऱ्हाडातील, चित्रविषयांच्या आधारे दिली आहे.

== तत्त्व ==

कागदावर पेन्सिलीने चित्र काढताना हात सावली काढत असतो आणि उजेड म्हणून कागद कोरा सोडला जातो. स्क्रॅचबोर्डवर हा क्रम उलटतो. सावली आधीपासून हजर असते आणि हाताला उजेड काढावा लागतो. शाळेतील दगडी पाटीवर पांढऱ्या पेन्सिलीने लिहिणाऱ्याला ही उलटापालट परिचयाची वाटेल, परंतु पाटी ओल्या फडक्याने पुसता येते. खरवडलेली रेषा पुसता येत नाही. या माध्यमाची शिस्त मुख्यतः याच एका गोष्टीतून आलेली आहे.

करडी छटा शाईत पाणी मिसळून येत नाही. ती रेषांच्या दाटीतून येते. जवळजवळ ओढलेल्या बारीक रेषा दुरून फिकट करड्या दिसतात, विरळ रेषा गडद करड्या दिसतात आणि एकमेकींना छेदणाऱ्या रेषांनी उजेड आणखी वाढतो. ठिपके, तुटक रेषा आणि स्टील वूलने हलकेच घासलेला पृष्ठभाग हेही छटेचे मार्ग आहेत. चित्रकार किती जाणता आहे हे त्याने किती खरवडले यापेक्षा किती काळे राखले यावरून अधिक कळते.

== उगम आणि छपाईशी नाते ==

एक थर खरवडून दुसरा दाखवण्याची कल्पना जुनी आहे. इटलीतील भिंतींवर ओल्या चुन्याचे दोन रंगांचे थर देऊन वरचा थर कोरण्याच्या पद्धतीला स्ग्राफितो म्हणतात आणि मातीच्या भांड्यांवरही ती वापरली जाते. आजचा स्क्रॅचबोर्ड मात्र १९व्या शतकात ब्रिटन व फ्रान्समध्ये छपाईच्या गरजेतून तयार झाला.

त्या काळी पुस्तकांतील व वृत्तपत्रांतील चित्रे लाकडी ठशांवर कोरली जात. इंग्लंडमधील टॉमस ब्युइक (१७५३–१८२८) याने लाकडाच्या आडव्या कापावर बारीक पांढऱ्या रेषा कोरण्याची पद्धत प्रतिष्ठित केली होती. लाकूड कोरणे हे मेहनतीचे आणि वेळखाऊ काम होते. पुढे छायाचित्रणाच्या साहाय्याने जस्ताचे ठसे बनू लागले. त्यांना केवळ शुद्ध काळे आणि शुद्ध पांढरे उमटवता येई, मधली छटा नाही. हाफटोन पद्धतीने छायाचित्रे छापता येऊ लागल्यावरही वृत्तपत्राच्या खरबरीत कागदावर त्यांचे ठिपके पसरून चित्र काळवंडत असे. स्क्रॅचबोर्डवरील चित्र मुळातच काळ्या-पांढऱ्या रेषांचे असल्याने ते छायाचित्राने लहान केले तरी रेषा स्वच्छ उमटत. त्यामुळे १९३० ते १९५० च्या दशकांत जाहिराती, वैद्यकीय पुस्तके आणि वैज्ञानिक आकृत्यांसाठी ही पद्धत पाश्चात्त्य देशांत विशेष पसंतीची होती. ब्रिटिश पक्षीचित्रकार चार्ल्स टनिक्लिफ (१९०१–१९७९) आणि अमेरिकन चित्रकार व्हर्जिल फिनले (१९१४–१९७१) यांची या माध्यमातील कामे प्रसिद्ध आहेत.

छपाईचे तंत्र बदलल्यावर स्क्रॅचबोर्डची व्यावसायिक निकड संपली, परंतु माध्यम टिकून राहिले. बेथ क्रोम्स यांनी याच पद्धतीने चितारलेल्या ‘द हाउस इन द नाइट’ या बालपुस्तकास २००९ मध्ये अमेरिकेतील कॅल्डेकॉट पदक मिळाले.

== वऱ्हाडातील कोरीव रेषा ==

वऱ्हाडात कोरीव रेषेचे दोन ठळक नमुने आहेत. त्यांचा स्क्रॅचबोर्डशी वंशसंबंध नाही. साम्य आहे ते कृतीचे. तरीही शिकणाऱ्याने ते पाहावेत असे आहेत.

पहिला नमुना सातपुड्यातील गाविलगड डोंगररांगेत आहे. अमरावती जिल्ह्यातील धारूळ गावाच्या उत्तरेस, मध्य प्रदेशाच्या बैतुल जिल्ह्याच्या हद्दीत, अंबादेवी परिसरातील शैलगृहे आहेत. अमरावतीचे विजय इंगोले आणि त्यांचे सहकारी यांना २००७ मध्ये ती आढळली. तेथे रंगवलेल्या चित्रांबरोबर खडकात कोरलेली चित्रेही आहेत. रंगचित्रात खडकावर काही चढवलेले असते, कोरलेल्या चित्रात खडकाचेच काही काढलेले असते. हे दोन्ही प्रकार एकाच परिसरात पाहायला मिळत असल्याने चढवणे आणि काढणे यांतील फरक तेथे विनासायास कळतो.

दुसरा नमुना अचलपूरजवळील चम्मक येथे सापडलेल्या ताम्रपटाचा आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या राजवटीच्या १८व्या वर्षाचे हे दानपत्र असून त्यात चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दिल्याची नोंद आहे. वा. वि. मिराशी यांनी संपादित केलेला वाकाटकांच्या कोरीव लेखांचा खंड १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात या ताम्रपटाचाही समावेश आहे. वाकाटक लेखांची अक्षरे पेटीशीर्षक वळणाची, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर छोटा चौकोन असलेली असतात. हा चौकोन कोरण्याच्या दोन तऱ्हा या लिपीत आढळतात. काही ठिकाणी तो आतून पूर्ण खोदलेला असतो; काही ठिकाणी भोवतीने चार आखूड रेषा खोदून मधला दगड वा धातू तसाच राखलेला असतो. आकार त्याच्या कडांनी दाखवावा की सगळा मोकळा करून दाखवावा, हा प्रश्न स्क्रॅचबोर्डवर काम करणाऱ्यापुढे दर चौरस इंचाला उभा राहतो. पेटीशीर्षक अक्षरांची एक ओळ दोन्ही तऱ्हांनी खरवडणे हा म्हणूनच पहिल्या सरावाचा चांगला पाठ ठरतो.

== साहित्य ==

तयार स्क्रॅचबोर्ड पुठ्ठ्यावरचा किंवा फळीवरचा असतो. पुठ्ठ्यावरचा स्वस्त असतो, पण त्याचा मातीचा थर पातळ असल्याने एकाच जागी दोन-तीनदा खरवडले की खालचा कागद उघडा पडतो. फळीवरचा महाग असला तरी दुरुस्तीला वाव देतो. स्टेशनरीच्या दुकानांत लहान मुलांसाठी मिळणारे इंद्रधनुषी स्क्रॅच पेपर हे वेगळे साहित्य आहे. त्यावर रेषेचा आनंद मिळतो, छटा मात्र साधत नाही.

हत्यारांसाठी खर्च करण्याची गरज नाही. टाकात बसणारी खरवडण्याची निबे मिळतात; ती नसल्यास लाकडी मुठीत घट्ट बसवलेली शिवणाची सुई, कंपासचे टोक आणि पेपर कटरचे टोकदार पाते पुरते. सुईची रेषा सर्वत्र सारख्या जाडीची येते. पाते तिरपे धरल्यास बारीकपासून रुंदपर्यंत सर्व रेषा निघतात. हत्यार बोथट झाले की ते शाई कापण्याऐवजी चिरडू लागते आणि रेषेच्या कडा दातेरी होतात, म्हणून धारेचा दगड किंवा अतिबारीक पॉलिश पेपर जवळ असावा.

घरच्या घरी फलक बनवण्याची सोपी रीत शाळांतून चालते. जाड ड्रॉइंग पेपरवर मेणाच्या रंगकांड्यांचा दाट थर द्यावा, काळ्या पोस्टर कलरमध्ये भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे काही थेंब मिसळून तो वर लावावा आणि वाळू द्यावा. साबण न घातल्यास पाण्यातला रंग मेणावर धरत नाही, त्याचे थेंब होऊन तो सरकतो. या फलकावर रेषा जाड येतात आणि मेणाची भुकटी हत्याराला चिकटते. शिकण्यासाठी तो चांगला आहे, पण पक्ष्याचे पीस किंवा वाघाची मिशी त्यावर निघणार नाही.

== पहिला प्रयत्न ==

महाराष्ट्रात चित्रकलेची आवड असलेले बहुसंख्य विद्यार्थी राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांच्या वाटेने जातात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन या विषयांत त्यांचा हात पांढऱ्या कागदावर तयार होतो. आधी बाह्यरेषा काढायची आणि मग आत रंग भरायचा ही सवय तेथे पक्की होते. स्क्रॅचबोर्डवर हीच सवय आड येते. काळ्यावर पांढरी बाह्यरेषा काढली की वस्तू तारेने बांधल्यासारखी दिसते. निसर्गात अशी उजळ कड क्वचितच असते.

म्हणून पहिल्या बैठकीत चित्र काढूच नये हे बरे. फलकाच्या एका तुकड्यावर चौकोन आखून त्यांत गडद ते उजळ अशी पाच-सहा पायऱ्यांची पट्टी बनवावी. हत्यार फलकाशी बरेच तिरपे धरावे, दाब केवळ शाई निघण्यापुरता ठेवावा. मातीत चर पडू लागला तर दाब जास्त आहे असे समजावे. रेषेच्या सुरुवातीला टेकवून शेवटी उचलल्यास ती निमुळती होते. केस, पीस, गवत आणि कापसाच्या बोंडातील तंतू या सर्वांना हीच निमुळती रेषा लागते.

आकृती उतरवण्यासाठी आरेखन ट्रेसिंग पेपरवर करून त्याच्या मागील बाजूस पांढऱ्या खडूची भुकटी चोळतात आणि कागद फलकावर ठेवून हलक्या हाताने गिरवतात. पेन्सिल जोरात दाबल्यास शाईवर खळगा पडतो आणि तिरप्या उजेडात तो कायम दिसत राहतो. काम करताना दिवा डाव्या किंवा उजव्या बाजूस खाली ठेवावा. हाताखाली स्वच्छ कागद घ्यावा, कारण बोटांचे तेल आणि घाम शाईवर डाग पाडतात. निघालेली भुकटी फुंकरीने उडवू नये: थुंकीचा बारीकसा थेंबही शाई खराब करतो आणि मातीची सूक्ष्म धूळ श्वासातून आत जाणे आरोग्याला चांगले नाही. ती मऊ, कोरड्या ब्रशने झटकावी आणि बराच वेळ काम करायचे असल्यास मुखपट्टी वापरावी.

== विषयाची निवड ==

नवशिके बहुधा सर्वांत देखणा विषय निवडतात आणि तेथेच अडकतात. वऱ्हाडातील दोन वास्तूंची तुलना याबाबत उद्बोधक आहे. अकोला जिल्ह्यातील बाळापूर येथे मिर्झाराजे जयसिंग यांची म्हणून ओळखली जाणारी १७व्या शतकातील छत्री आहे. ती काळ्या दगडाची आहे. स्क्रॅचबोर्डवर तिच्या खांबांच्या उन्हाकडील कडा, कमानींचे काठ आणि शिखरांवरची झळाळी एवढेच खरवडले तरी वास्तू उभी राहते. बाकीचा दगड फलकाने आधीच रंगवून ठेवलेला असतो. अकोटजवळील नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा याच्या उलट आहे. १५व्या शतकाच्या अखेरीस, बहमनी काळात बांधलेला हा दरवाजा फिकट वालुकाश्माचा असून त्यावर कमळे, अरबी लेख आणि बाजूच्या सज्जांना दगडी जाळ्या आहेत. तो चितारताना जवळपास सगळा फलक खरवडावा लागतो आणि जाळीची प्रत्येक भोके मात्र काळी राखावी लागतात. एक भोक चुकून उघडे झाले की नक्षीची लय मोडते. पहिल्या प्रयत्नासाठी बाळापूर, आणि हात बसल्यावर नरनाळा, हा क्रम सुज्ञपणाचा आहे.

प्राणी-पक्ष्यांसाठी मेळघाट जवळ आहे. वाघाचे पट्टे न खरवडता सोडायचे आणि अंगावरचे केस वाढीच्या दिशेने काढायचे, ही रीत बहुतेकांना ठाऊक असते. अधिक कसोटी पाहतो तो रानपिंगळा. या लहान घुबडाचे वर्णन ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. त्यानंतर अनेक दशके त्याची खात्रीशीर नोंद नव्हती आणि तो नामशेष झाला असावा असे मानले जाई. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ पुन्हा दिसला, आणि नंतर मेळघाटातही त्याचे अस्तित्व आढळले.

चित्रकाराच्या दृष्टीने अडचण अशी, की गावोगावी दिसणारा साधा पिंगळा त्याच्यासारखाच दिसतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर ठळक पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ एकरंगी असते आणि ठिपके अगदी पुसट असतात. पंखांवर व शेपटीवर रुंद पट्टे, छातीचा वरचा भाग सलग तपकिरी आणि पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा असतो. स्क्रॅचबोर्डवर पांढरा ठिपका देणे ही सर्वांत सोपी क्रिया आहे. हाताला चाळा लागतो आणि डोके सुंदर ठिपक्यांनी भरून जाते. त्या क्षणी दुर्मीळ पक्ष्याचे चित्र साध्या पिंगळ्याचे होते, आणि ठिपके परत घेता येत नाहीत. पाठ्यपुस्तकात, माहितीफलकावर किंवा निसर्ग शिबिराच्या पत्रकात असे चित्र गेले तर पाहणारा चुकीचा पक्षी ओळखायला शिकतो. त्यामुळे असे काम करण्याआधी संदर्भ म्हणून एकाहून अधिक छायाचित्रे पाहावीत आणि जेथे ठिपके द्यायचे नाहीत तो भाग आरेखनावर खूण करून ठेवावा.

सुरुवात डोळ्यापासून करतात. बाहुली पूर्ण काळी राखून तीत उजेडाचा एकच बिंदू देतात, बुबुळाच्या रेषा केंद्राकडून बाहेर ओढतात. डोळा फसल्यास फलक तेथेच थांबवता येतो, दोन दिवसांची मेहनत वाया जात नाही.

== थर देऊन काम आणि दुरुस्ती ==

चूक झाली की त्या जागी काळी शाई लावावी हा पहिला विचार असतो. शाई लावता येते, पण दुरुस्त जागेची चमक मूळ पृष्ठभागाशी जुळत नाही आणि तिरप्या उजेडात ठिगळ दिसते. अनुभवी चित्रकार याच गोष्टीचा मुद्दाम उपयोग करतात. पहिल्या फेरीत संपूर्ण अंगावर बारीक रेषा खरवडतात, त्यावर पाण्याने पातळ केलेल्या शाईचा हात फिरवतात आणि ती वाळल्यावर सर्वांत उजळ केस पुन्हा खरवडतात. पहिल्या रेषा करड्या होऊन मागे जातात, नव्या पांढऱ्या रेषा पुढे येतात आणि पिसांना जाडी येते. ही युक्ती फळीवरच्या फलकावर दोन-तीन वेळा करता येते. रंग हवा असल्यास शाईचे किंवा जलरंगाचे पारदर्शक हात खरवडलेल्या भागावर देतात; काळ्यावर ते जवळपास दिसतच नाहीत, म्हणून भरण्याची कडा फार जपावी लागत नाही.

== हवामान आणि जतन ==

अकोला व अमरावती येथील उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. या दिवसांत घरगुती फलकावरचा पोस्टर कलर झपाट्याने वाळून त्याला तडे जातात आणि खालचे मेण मऊ होते, त्यामुळे हत्यार घसरते. फलक सकाळी, सावलीत बनवणे सोयीचे पडते. पावसाळ्यात अडचण वेगळी असते. चिनी माती ओल शोषते, मऊ पडते आणि रेषेच्या कडांना कपचे निघतात. पुठ्ठ्यावरचा फलक तर वाकतोही. फलक प्लास्टिकच्या पिशवीत सपाट ठेवून वर वजन ठेवल्यास हा त्रास कमी होतो. हिवाळ्याचे महिने या कामाला सर्वांत अनुकूल असतात.

पूर्ण झालेल्या चित्रावर बोट फिरले तरी चरा पडतो. म्हणून त्यावर मॅट वार्निशच्या फवाऱ्याचे दोन-तीन पातळ हात देतात. एकच जाड हात दिल्यास शाई ओघळण्याचा धोका असतो. फवारा देण्यापूर्वी रेषांत अडकलेली भुकटी ब्रशने पूर्ण काढावी लागते, अन्यथा ती वार्निशखाली कायमची बसते आणि काळा भाग धुरकट दिसतो. वार्निश न दिलेले चित्र काचेत लावायचे असल्यास काच आणि फलक यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट ठेवतात, म्हणजे काच शाईला टेकत नाही.